धुराची तक्रार रास्त, पण सुई पिळणे हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांत सुट्ट्या लागल्या की एक वाद हमखास उभा राहतो. कोणीतरी ऑनलाइन मागवलेली नायट्रो इंजिनाची रिमोट कार पार्किंगमध्ये सुरू करतो. आवाज पाचव्या मजल्यापर्यंत जातो, निळसर धुराने डोळे चुरचुरतात, फरशीवर काळे चिकट डाग पडतात. सेक्रेटरी खाली उतरतात. तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पण त्यानंतर जे होते ते ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या थाटाचे असते. धूर कमी व्हावा म्हणून गाडीचा मालक कार्ब्युरेटरची, म्हणजे इंजिनाला किती इंधन मिळेल हे ठरवणारी, सुई आत पिळतो. धूर खरोखरच कमी होतो, गाडी दोन मिनिटे आधीपेक्षा जोरात पळते, आणि मग इंजिन जे बंद पडते ते पुन्हा नीट चालू होत नाही. दहा-पंधरा हजारांचे इंजिन भंगारात जाते आणि शेजाऱ्यांची डोकेदुखीही संपत नाही. या गाड्या बांधणाऱ्या आणि पळवणाऱ्या आम्हा काही वाचकांना दोन्ही बाजूंना थोडे सांगायचे आहे, आणि शेवटी महापालिका, सिडको व एमआयडीसी यांच्याकडे एक मागणीही करायची आहे.

आधी धुराचे. या इंजिनात पेट्रोल नसते. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात साधारण १६ ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि १० ते १६ टक्के तेल. दुचाकीच्या फोर-स्ट्रोक इंजिनासारखा तेलाचा वेगळा साठा इथे नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग यांना जे वंगण मिळते ते फक्त इंधनातून. शिवाय एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलोच पुरते, आणि नायट्रोमिथेन तर स्वतःचा ऑक्सिजन बरोबर घेऊन येत असल्याने त्याचे १.७ किलोत भागते. म्हणून हे इंजिन इंधन अक्षरशः पिते. एकास आठ मापाच्या बगीची टाकी १२५ मिलिलिटरची. ती आठ-दहा मिनिटांत रिकामी होते. तेल १२ टक्के धरले तर तेवढ्या वेळात १५ मिलिलिटर तेल इंजिनातून जाते आणि त्यातले बरेचसे न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडते. दिसतो तो धूर हाच, आणि फरशीवरचा डागही हाच. सुई आत पिळली की इंधन कमी, म्हणजे तेल कमी. आणि मिथेनॉलच्या बाष्पीभवनाने मिळणारा गारवाही कमी. धूर पूर्ण थांबलेले नायट्रो इंजिन हे मरायला टेकलेले इंजिन असते.

इथेच पेट्रोलचाही निकाल लावून टाकू, कारण हा प्रयोग दरवर्षी कोणीतरी करतोच. ग्लो प्लगची, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या प्लगची, तार प्लॅटिनमच्या मिश्रधातूची असते. सुरुवातीला १.२ ते १.५ व्होल्टच्या इग्नायटरने ती तापवायची. नंतर मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे ती आपणहून लाल राहते. पेट्रोलने ही क्रिया होत नाही, इंजिन चालत नाही, वर सिलिकॉनची नळी फुगून खराब होते. तितकाच घातक प्रयोग म्हणजे रसायनांच्या बाजारातून मिथेनॉल आणून घरी इंधन ‘बनवणे’. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली ती याच द्रव्यामुळे. ते कातडीतूनही शरीरात जाते आणि उन्हात त्याची ज्योत जवळपास दिसत नाही. इंजिनाच्या दृष्टीनेही हा आतबट्ट्याचाच व्यवहार: गाडीचे साधे इंजिन ऑइल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, तळाशी बसते, किराणा दुकानातले एरंडेल विरघळते, पण पिस्टनवर लाखेसारखा थर धरते. इंधन तयार, सीलबंद डब्यातलेच घ्यावे आणि ते त्याच डब्यात ठेवावे. पाण्याच्या बाटलीत कधीही नाही, घरात लहान मुले असतील तर मुळीच नाही.

नवीन इंजिन हातात आले की पुल स्टार्टची दोरी ओढून पाहण्याचा मोह होतो, आणि दोरी अडकते. बिघाड नसतो तो. या इंजिनांत पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्या नळीत वरखाली होतो ती स्लीव्ह क्रोम चढवलेल्या पितळेची असते, आणि ही स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड इंजिनात पिस्टन वर पोहोचला की घट्ट बसतो. पितळ तापून जास्त प्रसरण पावले की फट बरोबर जमते. म्हणजे इंजिन गरम करून सुरू करायचे: हेअर ड्रायरने सिलिंडर हेडला पाचेक मिनिटे वारा दिला, हाताला चटका बसू लागला की झाले. दोरी एका वेळी फूटभरच ओढायची, पूर्ण खेचून झटका द्यायचा नाही. दोरी एकदम कडक लागली तर इंजिनात इंधन जास्त गेले आहे असे समजावे. त्या वेळी जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग काढावा, गाडी उलटी धरावी, प्लगच्या भोकावर चिंधी ठेवून दोरी चार-सहा वेळा ओढावी. साचलेले इंधन बाहेर पडते.

पहिल्या पाच-सहा टाक्या ब्रेक-इनच्या, म्हणजे नवे इंजिन रुळवण्याच्या. मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुयांच्या मूळ स्थितीवर सुरू करावे, म्हणजे मिश्रण रिचच (हवेच्या मानाने इंधन जास्त) असते. पहिली टाकी मोकळ्या जागेत हळूहळू फिरवत संपवावी, दुसरी-तिसरी अर्ध्या थ्रॉटलवर, पुढे मध्येमध्ये दोन-तीन सेकंद पूर्ण थ्रॉटल. प्रत्येक टाकीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि थंड होत असताना फ्लायव्हील फिरवून पिस्टन तळाशी आणून ठेवावा. तो वर अडकलेला राहिला तर आकसणारी स्लीव्ह त्याच्यावर आवळली जाते आणि तिचा घट्टपणा जातो. जुन्या सल्ल्यानुसार काही जण ब्रेक-इन इतके रिच करतात की हेड ६० अंशांच्या वर जातच नाही. आमच्या मते ते चूक. स्लीव्ह तापून पसरत नाही आणि पिस्टन तिला घासत राहतो. रिच असूनही ९० अंशांच्या आसपास तापमान हवे. इन्फ्रारेड थर्मामीटर हजारभर रुपयांत मिळतो. गाडी रंगवायच्या आधी तो घ्यावा.

आता ट्यूनिंग. कार्ब्युरेटरवर तीन स्क्रू असतात: हाय स्पीड नीडल (पूर्ण वेगातल्या इंधनाची सुई), लो स्पीड नीडल (कमी वेगातल्या इंधनाची सुई) आणि आयडल स्क्रू (गाडी उभी असताना इंजिन किती हळू चालावे ते ठरवणारा). घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुई फिरवली की मिश्रण लीन (इंधन कमी), उलट फिरवली की रिच. एका वेळी फार तर एक अष्टमांश फेरा, आणि त्यानंतर गाडी दोन-तीन फेऱ्या पळवून मगच पुढचा निर्णय. क्रमही ठरलेला: इंजिन पूर्ण गरम, मग हाय, मग लो, मग आयडल. हा क्रम मोडणारे दिवसभर सुया फिरवत बसतात.

हाय नीडलसाठी सरळ पट्टी लागते, निदान ४० मीटर. पूर्ण थ्रॉटलवर मागे धुराची बारीक रेघ सतत दिसली पाहिजे आणि आवाज चढत जाऊन स्वच्छ व्हायला हवा. आवाज गुरगुरत राहिला आणि धूर दाट असेल तर रिच. पट्टीच्या शेवटाला गाडी अचानक दबली, आवाज चिरका झाला, धूर नाहीसा झाला तर लीन. ताबडतोब थ्रॉटल सोडावा. गाडी थांबवून हेडवर, प्लगच्या शेजारी तापमान बघावे. १०० ते १२० अंशांदरम्यान बहुतेक इंजिने सुखी असतात. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाकावा: तीन ते पाच सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक, टाकताक्षणी उडाला तर जास्त तापलेय, नुसताच बसून राहिला तर रिच आहे. मात्र तापमान हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. निकाल धूर आणि आवाजच देतात. १०५ अंशांवरही इंजिन लीन असू शकते.

लो नीडलची परीक्षा आयडलवर. इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची. आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडले तर मिश्रण बरोबर. लगेच बंद पडले तर लीन. चार-पाच सेकंद चालतच राहिले तर रिच. दुसरी खूण अशी: पंधरा सेकंद आयडलवर ठेवून एकदम थ्रॉटल द्यावा. गाडी धुराचा लोट सोडत खोकत निघाली तर लो नीडल रिच; धूर न सोडता नुसतीच गप्प झाली तर लीन. पूर्ण थ्रॉटल सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लागत असेल, वरच टांगून राहत असेल, तर लो नीडल लीन आहे किंवा कुठून तरी फालतू हवा आत येते आहे.

या फालतू हवेवर दोन शब्द जास्त, कारण सुई पिळून पिळून बेजार झालेल्या दहा गाड्यांतल्या निम्म्या गाड्यांत दोष सुईत नसतोच. ट्यूनिंग टिकत नसेल तर सुईला हात लावण्यापूर्वी आधी नवा प्लग, मग ताजे इंधन, मग गळती, असा क्रम ठेवावा. प्लगची तार चकचकीत आणि ओली दिसली तर उत्तम; पांढुरकी, वेडीवाकडी किंवा तुटकी असेल तर इंजिन लीन चालले होते. गळती शोधायला टाकी काढून तिचे एक नळीचे टोक चिमट्याने बंद करावे, दुसऱ्याला २० मिलिलिटरची रिकामी सिरिंज लावावी आणि टाकी बादलीत बुडवून हवा भरावी. झाकणाच्या रबरी रिंगेपाशी बुडबुडे आले की चोर सापडला: सायलेन्सरमधून टाकीला मिळणारा दाब तिथून निसटतो, पट्टीवर इंधन अपुरे पडते आणि गाडी लीन झाल्यासारखी वागते. तसेच कार्ब्युरेटरच्या मानेपाशी आणि बॅकप्लेटपाशी, म्हणजे इंजिनाच्या मागच्या झाकणापाशी, फालतू हवा आत शिरते. तिथे उष्णतेत टिकणाऱ्या सिलिकॉन सीलंटचा बारीक थर पुरतो.

आपल्याकडची हवा हा आणखी एक गोंधळ. मे महिन्याच्या दुपारी हवा गरम, दमट आणि विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. तिथे बसवलेली सुई डिसेंबरच्या थंड, कोरड्या सकाळी जशीच्या तशी ठेवली तर इंजिन लीन चालते. हिवाळ्यात पहिली फेरी मारण्यापूर्वी हाय नीडल एक अष्टमांश बाहेर काढणे हा साधा विमा आहे. उलट लोणावळ्याला गाडी नेली तर उंचीमुळे हवा विरळ, तिथे ती रिच वाटेल. पावसाळ्यात खरा शत्रू वेगळा: मिथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. जूनमध्ये अर्धा उघडा राहिलेला डबा जुलैत फेकायच्या लायकीचा झालेला असतो.

धूळही तशीच. घोडबंदर रोड असो की उलवे-खारघर, बांधकामाची बारीक धूळ सगळीकडे आहे. एअर फिल्टरचा फोम तेल न लावता वापरला, तर पिस्टन-स्लीव्ह घासून निकामी व्हायला काही मिनिटेच पुरतात. फोम साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, फिल्टरचे तेल घालून प्लास्टिकच्या पिशवीत चोळावा म्हणजे ते सगळीकडे सारखे बसते. दिवस संपला की टाकी रिकामी करावी, उरलेले इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडू द्यावे, मग प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) चार-पाच थेंब घालून इंजिन फिरवावे. जळलेल्या इंधनाचा आम्लयुक्त अवशेष आणि ओलावा रात्रभर आत राहिला की मागचे बेअरिंग गंजते. आपल्या खाडीकाठच्या हवेत तर लवकरच.

अपग्रेडच्या नावाखाली रंगीत ॲल्युमिनियमचे भाग बसवण्याची फार हौस दिसते. सस्पेन्शनचे प्लास्टिकचे आर्म लवचिक असतात, कठड्याला आपटून परत जागेवर येतात. ॲल्युमिनियमचा आर्म वाकतो आणि धक्का चासीकडे पाठवतो. पैसे घालायचेच तर मेटल गिअरचा स्टिअरिंग सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर), रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला ६.६ व्होल्टची लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आणि चांगली क्लच बेल बेअरिंग यांत घालावेत. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावावे, तेही स्क्रू पुसून कोरडा केल्यावर. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला नाही. क्लच बेल (इंजिनाकडचे दातेरी चाक) आणि स्पर गिअर (त्याने फिरणारे मोठे दातेरी चाक) यांच्या दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिन माउंट आवळावा. पट्टी न फाटता, नुसती दुमडून बाहेर आली की फट बरोबर. सैल राहिली तर प्लास्टिकचा स्पर गिअर पहिल्याच टाकीत दात गमावतो. डिफरन्शियलचे सिलिकॉन तेल बगीला सुरुवातीला पुढे ५,०००, मध्ये ५,००० आणि मागे ३,००० दाटपणाचे (डब्यावरचा सीएसटी आकडा) घालून पाहावे, तिथून आपल्या मैदानाप्रमाणे बदलावे. ३० टक्के नायट्रोचे इंधन नवशिक्याला लागत नाही. टक्का वाढवला तर हेडखाली ०.१ मिलिमीटरची शिम (पातळ चकती), थंड जातीचा प्लग आणि सगळे ट्यूनिंग पुन्हा, हे ओघाने आलेच.

शेजाऱ्यांना धुरापेक्षा ज्याची भीती वाटायला हवी ती गोष्ट मात्र कोणाच्या तक्रारीत नसते. एकास आठ मापाची बगी साधारण सव्वातीन किलोची असते आणि ताशी ६० किलोमीटर सहज गाठते. त्या वेगाला तिच्यातली ऊर्जा सुमारे ४५० ज्यूल होते, म्हणजे ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या साडेतीन पटींहून अधिक. रिसीव्हरची बॅटरी उतरली आणि थ्रॉटल उघडाच राहिला तर ती पार्किंगमध्ये कोणाच्या पायावर जाईल हे सांगता येत नाही. म्हणून फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की आपोआप ब्रेक लावणारी सोय, लावल्याशिवाय इंजिन सुरू करूच नये. इंजिन बंद ठेवून, चाके वर धरून रिमोट बंद करावा; थ्रॉटलचा सर्व्हो आपणहून ब्रेककडे गेला पाहिजे. बॅटरीच मेली तर फेलसेफही काम करत नाही, त्यासाठी कार्ब्युरेटर बंद करणारी परतीची स्प्रिंग वेगळी लावावी. सुरू करताना रिमोट आधी, गाडी नंतर. बंद करताना उलट.

आणि आता जागेचा प्रश्न. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे, रुग्णालये-शाळांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५०. नायट्रो इंजिन कितीही चांगले ट्यून केले आणि युरोपातल्या ‘एफ्रा’ या संघटनेची मान्यता कोरलेला पाईप बसवला, तरी सोसायटीच्या आवारात ते या मर्यादेत बसवता येत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर कार्बन मोनॉक्साइडमुळे ते जिवावर बेतू शकते. ज्याला सोसायटीतच गाडी पळवायची आहे त्याने खुशाल इलेक्ट्रिक घ्यावी. वेगात ती कमी पडत नाही. येऊरच्या वाटा आणि पाम बीच रोडलगतच्या पाणथळ जागाही नकोत, तिथे बिबटे आणि फ्लेमिंगो आपल्या आधीपासून राहतात.

औद्योगिक क्षेत्रात मात्र दिवसाची मर्यादा ७५ डेसिबल आहे. वागळे इस्टेट किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या महापे-रबाळेच्या बाजूला, वस्तीपासून दूर, रविवारी रिकामा असणारा ४० बाय २५ मीटरचा एखादा भूखंड सकाळी आठ ते बारा या वेळेत मिळाला तर पुरे. बांधकाम काहीच नको. कडेला जुन्या टायरांची रांग, चालकांना उभे राहायला पाच फूट उंचीचा मचाण, प्रेक्षकांसाठी जाळी, ड्राय पावडरचे अग्निशामक, वाळूच्या बादल्या आणि भरपूर पाणी, कारण मिथेनॉल पाण्यात मिसळते. इंधन भरायची जागा एकच आणि सावलीत, तिथे सिगारेट बंद, प्रत्येकाकडे एक लिटरहून जास्त इंधन नाही, इंधन हाताळताना हातमोजे, फेलसेफ दाखवल्याशिवाय गाडी आत नाही. तेल जमिनीत मुरू नये म्हणून पिटमध्ये (गाड्या उघडून दुरुस्त करण्याच्या जागी) जाड प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा. हा खर्च आम्ही मंडळी वर्गणीतून करू, भाडे ठरवून दिले तर तेही भरू, आणि दर रविवारी बारानंतर जागा झाडून परत देऊ. पावसाळ्याचे चार महिने जागा नसली तरी चालेल. तेव्हा आम्ही तसेही इंजिने उघडून बेअरिंग बदलत बसलेले असतो.

आपले,
नायट्रो कार बांधणारे व पळवणारे काही वाचक,
ठाणे आणि नवी मुंबई